बोळाचं मागचं दार

१

दुपारचे तीन वाजले की डीकन मान वर करायचा.

रोज. बोळाच्या मधोमध, फळ्यांच्या गार जमिनीवर तो पाय पसरून पडलेला असायचा आणि तीनला हनुवटी उचलून पुढच्या तोंडाकडे बघायचा. मग त्याची नजर चालत्या माणसाच्या चालीनं, सावकाश, पुढच्या तोंडापासून मागच्या तोंडापर्यंत जायची. तिथं क्षणभर थांबायची. मग तो पुन्हा डोकं टेकवायचा. एवढंच. ट्विलानं त्यावर आपलं दुपारचं घड्याळ लावलं होतं. डीकननं मान टाकली की दोरीवरची लंगोटं काढायची आणि तान्ह्या जूनीची बाटली उकळायला ठेवायची.

कुत्रा घराबरोबरच आला होता. घर ट्विलाच्या नवऱ्याच्या, रॉयसच्या व्हेस्टा आत्याचं. तिला मूलबाळ नव्हतं. वसंतात ती दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही, आणि अलाबामाच्या त्या खेड्यातलं घर भाच्याच्या नावावर झालं. रॉयस आणि ट्विला दोघंही मोबील शहरात वाढलेले. चार महिन्यांची पोर काखेत घेऊन जुलैच्या कडक उन्हात ते इथं राहायला आले. डीकन पायरीवर बसला होता. चर्चमधल्या कारभाऱ्यासारखा गंभीर चेहरा, म्हणून आत्यानं त्याचं नाव डीकन ठेवलेलं.

घर म्हणजे एका छपराखाली दोन खोल्या, एक झोपायची आणि एक स्वयंपाकाची, आणि दोन्हींच्या मधून आरपार गेलेला बोळ, पुढून मागून उघडा. कटलर रोडवर असली पाच घरं होती, शंभरावर वर्षांची. बाकीच्या चौघांनी कधीकाळी बोळाला दोन्हीकडे दारं बसवून घेतली होती. व्हेस्टा आत्यानं तेवढंही केलं नव्हतं.

मागच्या शेतापलीकडचं घर मिस ओझेलचं. म्हातारीची चार नातवंडं होती, तरी सगळा मुलूख तिला मिसच म्हणायचा. ऑगस्टातल्या एका दुपारी ट्विला अंडी मागायला तिच्याकडे गेली, तर खिडकीतला एसी घुमत होता आणि बोळाची दोन्ही दारं सताड उघडी.

"मिस ओझेल, एसी चालू राहिलाय तुमचा."

"ठाऊक आहे की."

"अहो, सगळी गार हवा बाहेर चाललीय!"

"जाऊ दे गं. बाहेरच्यांनाही उकडत असेल." म्हातारी हसली. "वाऱ्याला उघडतो आम्ही. पाव तास. मग लावून घेते."

"पण वारा कुठंय?"

शेतात पान हलत नव्हतं. मिस ओझेलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"येईल," ती म्हणाली.

ट्विलानं संध्याकाळी रॉयसला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "देवाच्या अंगणाला गारवा देतेय म्हातारी! तिच्याकडून अंडी घे, अक्कल नको घेऊ."

२

सप्टेंबरच्या अखेरीला जूनीची छाती भरली.

आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काढले. ट्विलाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पोरीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जायची. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "धूर आणि गारठा, दोन्हींपासून लांब ठेवा. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." ते वाक्य तिच्या कानात खिळ्यासारखं बसलं.

धूर तर झोपायच्या खोलीत होता. तिथली लोखंडी शेगडी कितीही साफ केली तरी धुरायची. स्वयंपाकघरात चूल. राहिला बोळ. तिथं दुपारचं ऊन छान यायचं, पण गारठाही तिथंच होता.

"बोळ बंद करू," रॉयस म्हणाला. "पोरीची खोली करू. शनिवार-रविवारचं काम."

सॉ मिलमध्ये कामाला असल्यानं फळ्यांची ददात नव्हती. पुढच्या तोंडाला त्यानं जुनं दार बसवलं. मागचं तोंड वरपासून खालपर्यंत फळ्यांनी बंद करून मध्ये एक बंद काचेची खिडकी घातली. शेवटच्या फळीच्या आतल्या अंगावर, सुतार लिहितात तशी, त्यानं पेन्सिलीनं तारीख घातली: सहा ऑक्टोबर. मग ती फळी ठोकली. बाजूच्या भिंतींना पिवळा रंग दिला, चाकांचा पाळणा आत ढकलला, आणि जूनी त्या रात्री एकदाही न खोकता झोपली. ट्विला पाळण्याशी उभी राहून हुंदके देत होती. रॉयस म्हणाला, "बाई गं, आता कशाला रडतेस? आता तर चांगलं झालं."

चारेक दिवसांनी मिस ओझेल मक्याच्या पिठाचा गरम पाव फडक्यात गुंडाळून घेऊन आली. पुढचं दार उघडं होतं. उंबऱ्यापाशी येऊन ती थांबली.

"मागचं दार कुठंय?"

"दार कशाला? खिडकी केलीय ना," ट्विला म्हणाली. "किती ऊन येतं बघा."

"खिडकीतून कोणी जात नसतं, पोरी."

"कोणाला जायचंय?" रॉयस आतून ओरडला. "चोराला? त्यानं पुढूनच जावं, मी कॉफी देईन!"

म्हातारी हसली नाही. "व्हेस्टानं कधी बोळ बंद केला नाही. त्या हिमाच्या वादळातसुद्धा नाही. तीन घोंगड्या पांघरून बसायची." तिनं ट्विलाच्या हातात पाव दिला, पोरीकडे पाहिलं. स्वयंपाकघरात जायला सरळ वाट खोलीतूनच होती. पण ती पायऱ्या उतरली आणि घराला वळसा घालून दुसऱ्या दारानं आत आली. गुडघे दुखत असताना.

३

बदल डीकनमध्ये झाला होता, आणि तो ट्विलाच्या ध्यानात उशिरा आला.

तीनला तो मान उचलायचा. नजर पुढच्या दारापासून निघायची, खोलीच्या मध्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. पुढं जायचीच नाही. तो डोकंही टेकवत नव्हता, बघत बसायचा. मग डोळे थोडे बाजूला जायचे, परत यायचे, जसे दोन माणसं शेजारीशेजारी उभी असली की आपण आळीपाळीनं बघतो.

उंदीर असेल. जुन्या घरात साप निघतात. कुत्रं म्हातारं झालंय, त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला असेल. ट्विलानं तिन्ही कारणं एकामागून एक तपासली. फळ्यांच्या फटीत बॅटरी मारली. डीकनच्या डोळ्यांपुढं बोट हलवलं. त्यानं बोटाकडे पाहिलं, ओशाळल्यासारखी शेपूट हलवली आणि पुन्हा खोलीच्या मध्याकडे पाहू लागला.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं खोली सोडली. एका दुपारी उठला, भिंतीला अंग घासत, आक्रसून, दारापर्यंत गेला आणि बाहेर पडवीत बसला. ट्विलानं बेकनचा तुकडा दाखवला. त्याच्या जिभेवरून लाळ गळत होती, पण पाय उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

"काय झालं रे? आत ये ना, गरम आहे."

डीकन तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यामागं बघत होता, आणि एका जागी नाही. त्याची नजर गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं तशी फिरत होती.

४

खोली चांगली होती. ट्विला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची, खोली चांगली आहे. ऊन आहे, ऊब आहे, जूनी खोकत नाही.

ऊब जरा जास्तच होती म्हणा. खोलीत शेगडी नव्हती, तरी दुपारी हवा अशी जड व्हायची की खिडकीच्या काचेवर आतून दव धरायचं. आणि एक शांतता होती. घरातल्या रिकाम्या खोलीची ती नव्हती. चर्चमध्ये सगळे उठून उभे राहिलेले असतात, पुस्तकं उघडलेली असतात, आणि गाणं अजून सुरू झालेलं नसतं, त्या वेळची शांतता. अधूनमधून एखादी फळी कुरकुरायची. उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला की कुरकुरते तशी.

जूनी मात्र खूश असायची. पाळण्यात पडल्यापडल्या वर बघून हसायची. एकीकडे हसून झालं की मान वळवून दुसरीकडे. चर्चच्या जेवणाला तान्हं मूल नेलं की ते या हातातून त्या हातात फिरतं, नवा चेहरा आला की नवं हसू, तसंच. कधी दोन्ही हात वर करायची, 'घे' म्हणून. ट्विला धावत जायची, पण हात तिच्यासाठी वर केलेले नसायचे.

मूल आहे, सावल्यांना हसतं. सगळीच मुलं हसतात.

एक दिवस ती धुतलेल्या चादरी घेऊन स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीकडे निघाली. मध्ये पोरीची खोली, रिकामी, पाळणा सोडून काही नाही. ती अर्ध्यावर गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण अंग तिरकं करून चाललोय. चादरी छातीशी धरून, कोपर आवळून. आणि तोंडानं म्हणतोय, "जरा सरकता का, प्लीज."

ती तिथंच उभी राहिली. कारण कोणीतरी सरकल्यासारखी फळी कुरकुरली होती.

५

पाळणा हलत होता, हे तिनं त्याच आठवड्यात पाहिलं. रोज चार बोटं, मागच्या भिंतीकडे. जमिनीवरच्या धुळीत चाकांचे चरे स्पष्ट दिसत होते.

"उतार आहे गं," रॉयसनं काचेची गोटी ठेवून दाखवली. गोटी खरंच मागं घरंगळली. "पूर्वी पावसाचं पाणी बोळातून वाहून जायला फळ्या मुद्दाम उतरत्या ठोकायचे. थांब." त्यानं लाकडाची पाचर कापून चाकाखाली घट्ट बसवली.

सकाळी पाचर खिडकीच्या कठड्यावर होती. नीट, सरळ ठेवलेली. पाळणा आणखी चार बोटं मागं.

"तू ठेवलीस?" ट्विलानं विचारलं.

"तूच ठेवली असशील झाडताना." रॉयस बूट घालत होता. "ट्विला, तू झोपत नाहीस. माझ्या आईचंही असंच व्हायचं. मूल आजारी पडलं की तिला भिंतीसुद्धा जवळ आल्यासारख्या वाटायच्या."

ट्विलाला ते पटलं. पटवून घेतलं. तरी त्या दिवशी तिनं जूनीला स्वयंपाकघरात निजवलं. पोर त्या खोलीकडे हात करून एवढी रडली की खोकला लागला, ओठ निळे पडले. आत नेल्याबरोबर गप्प.

त्याच सुमारास मिसेस पेटिग्रू आल्या. सरकारच्या जुन्या घरांच्या यादीसाठी ही पाच घरं बघायला आलेल्या, पायात पुरुषी बूट, हातात फीत आणि मोठा कागद. बोलक्या बाई.

"एक गंमत सांगते. तुमच्या पाचही घरांचं तोंड रस्त्याकडे नाहीये. सगळी रस्त्याला कूस करून बसलीत. कधी विचार केलात का, का ते?"

"नाही, मॅडम."

"कारण रस्ता नंतर आलाय! घरं रस्त्यावर बेतलेलीच नाहीत, ती एकमेकांवर बेतलीत." त्यांनी कागद पसरला. पाच चौकोन, आणि पाचांच्या मधून पट्टीनं मारावी तशी एक रेघ. "सगळ्यांचे बोळ एका ओळीत. वरच्या टोकाला चर्चचं जुनं थडग्यांचं आवार, खालच्या टोकाला नदीचा उतार. दुपारी सगळ्यांची दारं उघडी असताना चर्चपासून नदीपर्यंत आरपार दिसत असणार. चार घरी विचारलं, दारं का उघडता? चारही घरी एकच उत्तर."

"वाऱ्याला," ट्विला म्हणाली.

"बरोबर! तुमच्याकडे मात्र नजर अडते." त्यांनी रेघेवर दोन नंबरच्या चौकोनात एक बारीक आडवी खूण केली. "बोळ बंद केलाय म्हटल्यावर तुमचं घर यादीत बसेल की नाही, शंकाच आहे."

खोली मोजायला त्या आत गेल्या. ट्विला दारातून बघत होती. मिसेस पेटिग्रू भिंतीभिंतीनं गेल्या, पाठ चिकटवून, फीत डोक्यावरून धरून. मधून एकदाही गेल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता.

"फार दाटी वाटते हो आत," त्या फितीवरचा आकडा पुन्हा बघत म्हणाल्या. "सामान तर काहीच नाही."

६

सोळा नोव्हेंबरला सकाळपासून पाऊस होता. जूनी पाळण्यात झोपली होती. ट्विलानं पाळणा मोजला. मागच्या भिंतीपासून वीतभर. तिनं शाल डोक्यावर घेतली आणि शेतातून चिखल तुडवत धावत मिस ओझेलकडे गेली. पाच मिनिटं, जास्त नाही, असं स्वतःला बजावत.

म्हातारी अक्रोडासारखे पेकन फोडत बसली होती. पावणेतीन झाले होते.

"कोण जातं बोळातून?" ट्विलानं दारातूनच विचारलं.

"बस तरी."

"मिस ओझेल, कोण जातं?"

म्हातारीनं हातातला पेकन खाली ठेवला. "रस्त्यानं जाणाऱ्याला कोणी विचारतं का, तू कोण म्हणून? वाट द्यायची. माझ्या आजीनं दिली, आईनं दिली, मी देते. रोज एक. कधी चुकत नाही." तिनं टरफलं बाजूला सारली. "महिना झाला, माझ्याकडून कोणी जात नाहीये. माझी मांजर तीनला बघायची, ती आता खुशाल झोपते."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की, दार कुठंय म्हणून. तुझा नवरा कॉफी पाजत होता." तिनं हात पदरात पुसावेत तसे एप्रनला पुसले. "शहरातल्या पोरांना किती सांगायचं? हसतात. आणि मला वाटलं, ते भले आहेत, थांबतील."

"थांबले तर काय होतं?"

"काही नाही गं. उभ्या माणसाला कंटाळा आला की तो बसतो. बसला की घरचा होतो. घरचा झाला की लेकरू मांडीवर घेतो." मिस ओझेलनं घड्याळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. "आणि जायची आठवण झाली की उठतो. ट्विला, पोर कुठंय?"

ट्विला पायऱ्यांवरून उतरलीसुद्धा होती.

७

पाळण्याची डोक्याकडची बाजू मागच्या भिंतीला टेकली होती. अगदी घट्ट. जूनी जागी होती आणि हसत होती.

ट्विलानं तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. पोर उचलली गेली नाही.

कोणी ओढत नव्हतं. तेच वाईट होतं. एखाद्या प्रेमळ म्हातारीच्या मांडीवर मूल असावं, आपण घ्यायला जावं आणि तिनं म्हणावं, असू दे गं, थोडा वेळ, आणि हात सोडू नयेत, तसा तो भार होता. ट्विलानं जोर लावला तशी जूनीच्या अंगावरचं झबलं पाठीशी दाबलं गेलं. त्या दाबलेल्या जागी कापड ऊन होतं. आणखी ओढलं तर पोरीलाच लागेल म्हणून तिनं हात काढले.

कोपऱ्यात रॉयसची कटावणी होती. तिनं ती घेतली, पुढचं दार लाथेनं पूर्ण उघडलं, आणि पाळण्याच्या शेजारच्या फळीच्या फटीत कटावणी खुपसली. खिळे किंचाळले. एक फळी सुटली. दुसरी अर्धी मोडली. बाहेरचा गारठा आत घुसला तशी तिच्या मनात डॉक्टरांचं वाक्य आलं, आणि तिनं तिसरी फळी ओढली. पाऊस आत येत होता. माणूस जाईल एवढी जागा झाली तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात तीनचे ठोके पडले.

आणि खोली हलली. मगाचची ती शांतता, उघडलेल्या पुस्तकांची, संपली. फळ्या एकामागून एक कुरकुरू लागल्या.

ट्विला भिंतीला चिकटून उभी राहिली. तिला दिसत काहीच नव्हतं. दिसत होता डीकन, बाहेर पडवीत, उंबऱ्याला नाक लावून बसलेला. त्याची नजर खोलीतून निघून भगदाडापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. दर वेळी ट्विलाच्या गालावरून वारा जायचा, कोणी अगदी जवळून गेलं की जातो तेवढाच. एकदा ओल्या लोकरीचा वास आला. एकदा कापराचा. ती आपोआप मोजू लागली, मोजलं नसतं तर ओरडली असती. सतरा. अठरा. कोणीतरी लंगडत होतं, फळी एक हलकी, एक जड वाजत होती. तीस. एकोणचाळीस. चाळीस.

डीकनची मान थांबली.

ट्विला पाळण्याकडे झेपावली. पोर अजून जड होती.

तिच्या पायाशी मोडलेली फळी पडली होती, आतलं अंग वर. सहा ऑक्टोबर. दुसऱ्या दिवसापासून धरायचं. ऑक्टोबरचे पंचवीस. नोव्हेंबरचे, आजचा धरून, सोळा. तिनं ओल्या बोटांवर दोनदा मोजलं. एकेचाळीस.

"प्लीज," ती म्हणाली. कोणाला ते तिला माहीत नव्हतं. "माझी एकच आहे."

जूनीनं वर पाहून एक आवाज काढला, झोप आल्यावर काढायची तसा.

तेव्हा डीकन उठला. चार आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं उंबरा ओलांडला. नखं वाजवत, म्हातारपणाच्या चालीनं, तो पाळण्यापाशी आला आणि बसला. गुरगुरला नाही. पाळण्याच्या वर, जिथं बसलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथं, त्यानं पाहिलं, आणि त्याची शेपूट जमिनीवर आपटली. एकदा. मग भराभर. असं तो ट्विलासाठी कधी करत नव्हता. रॉयससाठीही नाही. व्हेस्टा आत्यासाठी करत असेल तर असेल.

त्याच्या कपाळावरचे केस दबले. दोन कानांच्या मधले, सावकाश, पुढून मागे, तळवा फिरावा तसे. सपाट झाले आणि तसेच दबून राहिले. डीकननं डोळे मिटले.

मग तो उठून भगदाडाकडे चालू लागला, डोकं थोडं उचलून, हाताखाली चालणारं कुत्रं चालतं तसा. केस दबलेलेच होते. पाळण्याची चाकं एकदा कर्र वाजली. ट्विलानं पोर उचलली आणि ती इतकी हलकी आली की ट्विला मागं धडपडली.

पावसातून तिनं पाहिलं. कुत्रा शेत ओलांडून गेला. मिस ओझेलच्या बोळाची दोन्ही दारं उघडी होती, आणि म्हातारी पुढचं दार हातानं धरून, मान खाली घालून, बाजूला उभी होती. डीकन एका दारातून आत शिरला, दुसऱ्यातून बाहेर पडला. मग पुढच्या घरात. मग त्याच्या पुढच्या. पार नदीच्या उताराशी एक ठिपका राहिला, आणि मग तोही नाही.

८

रॉयसनं त्या आठवड्यात मागं दार बसवलं. तीन दिवस तो नदीकाठी हाका मारत फिरला, डीकन, डीकन, आणि परत आल्यावर शेगडीचं धुराडं मुळापासून उपसून नवं घातलं. जूनीला त्या हिवाळ्यात साधी सर्दी झाली नाही.

जूनमध्ये मिसेस पेटिग्रू पुन्हा आल्या, हसत. पाचही घरं यादीत आली होती. ट्विलानं त्यांना गोड गार चहा दिला. बोळात दोन खुर्च्या टाकून त्या बसल्या होत्या, ट्विलाच्या मांडीवर सव्वा वर्षाची जूनी.

"एसी चालू आहे वाटतं," मिसेस पेटिग्रूंनी कान देऊन म्हटलं. "आणि दारं उघडी?"

ट्विलानं घड्याळाकडे पाहिलं. मग जूनीच्या पोटाभोवती दोन्ही हात गुंफले, घट्ट.

"वाऱ्याला," ती म्हणाली.

जूनीनं मान उचलली. तिची नजर पुढच्या दारापासून निघाली, वर, मोठ्या माणसाच्या उंचीवर, आणि चालत्या चालीनं जवळ येऊ लागली. मग ती खाली आली, खूप खाली, जमिनीपासून हातभर. पोरीनं हात खाली सोडला, बोटं पसरली आणि हवेत काहीतरी कुरवाळलं.

"डी," ती म्हणाली.

"अगंबाई, बोलते की!" मिसेस पेटिग्रू म्हणाल्या. "आणि वारा आला खरंच, बघा, केस कसे बसले तिचे."

त्यांच्या मांडीवरचा कागद हलला नव्हता. जूनीच्या टाळूवरचे मऊ केस पुढून मागे सावकाश दबले, आणि दबून राहिले.

ट्विलानं हात सैल केले नाहीत. खुर्ची तेवढी पायानं मागं सरकवली, वाट मोकळी होईल इतकी.

"चला," ती हळूच, आर्जवानं म्हणाली. "पुढं मिस ओझेल दार धरून उभ्या असतील."